पानाचा सदरा

त्या वर्षी धुकं काही हटेना. सकाळी शेतात उतरावं तर समोरची ओळ दिसायची नाही, आणि तंबाखूची पानं इतकी ओली की हात लावला की कोपरापर्यंत पाणी यायचं. एरवी खालची पानं आधी पिकतात, मग मधली, मग शेंड्याची. माणसाला जरा उसंत मिळते. त्या वर्षी सगळी एकदम पिवळी पडायला लागली. पिकलेलं पान वेळेत खुडून सुकवायच्या भट्टीत गेलं नाही तर जागेवरच सडतं. भट्टी एकच, आणि तिच्यावर अख्ख्या वस्तीचे नंबर लागलेले. आपल्या नंबरादिवशी पानं काठ्यांवर ओवून तयार नसली की भट्टीवाला सरळ पुढच्याला हाक मारतो. मग तुम्ही त्याचे सख्खे मेहुणे असलात तरी.

म्हणून घरातले होते नव्हते तेवढे हात ओळीत उतरले. माझा दादा, वहिनी, मी आणि मुंगी. मुंगी म्हणजे दादाची मुलगी, आठवीतली. रांगायला लागल्यापासून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत न्यायची, म्हणून मीच तिला मुंगी म्हणायला लागले आणि ते नाव चिकटलं. मी तिची आत्या. माझं लग्न का झालं नाही ही वेगळी भानगड आहे, ती इथे नको.

पान खुडायची आमची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वाकायचं, देठापाशी पान मोडायचं आणि डाव्या काखेत दाबायचं. काख भरली की ओळीच्या टोकाला नेऊन रचायचं, परत वाकायचं. काखेपासून कंबरेपर्यंतची सगळी बाजू पानाच्या पाण्याने आणि चिकाने भिजते. त्यासाठी प्रत्येकाचा एक सदरा वेगळा असतो, लांब बाह्यांचा, जाड. आम्ही त्याला पानाचा सदरा म्हणतो. चिकाने तो काळा आणि इतका कडक होतो की खुंटीवरून काढला तरी माणूस आत असल्यासारखा उभा राहील.

हा सदरा हंगाम संपेपर्यंत धुवायचा नाही आणि काम झालं तरी लगेच अंगातून काढायचा नाही. नवख्या माणसाला पान लागतं. डोकं गरगरतं, मळमळतं, ओकाऱ्या होतात. सदरा अंगावर राहिला की पानाची अंगाला ओळख होते आणि मग ते लागत नाही, असं आमचे वडील सांगायचे, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. वहिनीचं आणखी निराळंच. ओलं अंग उघडं पडलं की पोरीची छाती भरेल म्हणे. तेव्हा मुंगी उजाडायच्या आधीपासून पानं खुडायची आणि शाळेची वेळ झाली की त्याच सदऱ्यावर शाळेचा गणवेश चढवून पळत सुटायची. गणवेश मापाने मोठाच घेतलेला होता, त्यामुळे आतलं काही दिसायचं नाही.

शाळेचं फाटक हेडमास्तर स्वतः लावायचे. घंटा झाली की झाली. गणितही तेच शिकवायचे, आणि वर्गात मुलांना मार्कांप्रमाणे बसवायचे. हुशार पुढे, बाकीचे मागे, आणि शेवटच्या बाकांवर ज्यांच्याकडे बघून ते नुसते उसासे टाकायचे त्या पोरी. मुंगी दुसऱ्या बाकावर असायची. हंगाम सुरू झाला तशी ती मागे मागे सरकत थेट भिंतीला टेकली.

वर्गात तिला ओकारी यायची. फळ्यावरचं दोन-दोन दिसायचं. कधी बाकावर डोकं टेकून झोपून जायची. शाळेत एक नर्सबाई यायच्या, पण त्यांच्याकडे आणखी शाळा होत्या, त्यामुळे आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. त्या असल्या की मुंगीला त्यांच्या खोलीत आडवं करायच्या, मीठसाखरेचं पाणी द्यायच्या, आणि तासाभराने ती निदान वर्गात परत जायची. नसल्या की हेडमास्तर तिला घरी पाठवायचे. घरी पाठवलं की तो दिवस गेला, आणि त्या दिवसाचं गणित गेलं. संध्याकाळी जरा बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळ होतीच.

शेवटी हेडमास्तरांनी निरोप पाठवला. दादा म्हणाला, "मला वेळ नाही. तू जा, तुझी जीभ चालते."

मी गेले. हेडमास्तरांनी मला बसा म्हटलं नाही. "परीक्षा तोंडावर आलीय," ते म्हणाले. "गणितात नापास झाली तर हाच वर्ग पुन्हा करावा लागेल. आधी चांगली होती. आता लक्षच नाही. घरी काय वातावरण आहे?"

"धुकं आहे," मी म्हटलं.

त्यांना ते आवडलं नाही. मलाही त्यांचं वातावरण आवडलं नव्हतं.

घरी येऊन सांगितलं तर दादा काठीवर पानं ओवत होता. सुई थांबली नाही. "परत त्याच वर्गात बसायचं तर घरी बसू दे," तो म्हणाला. "इथे निदान दोन हात वाढतील." मुंगी पानं मोजून काठीपाशी लावत होती, तिचे हात तेवढे थांबले. पोरीला शाळा हवी होती. आवडायची वगैरे नाही, हवी होती. गणित सुटलं की तिचा चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्याचं पोट भरावं. ते बघितलेलं असल्यामुळे दादाचं बोलणं माझ्या काळजात रुतलं. पास झाली तर शाळा, नाहीतर ओळ. इतकं सरळ होतं ते.

मंगळवारी मीच तिच्याबरोबर नर्सबाईंकडे गेले.

नर्सबाई म्हणजे निवृत्तीला टेकलेली बाई. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, चष्मा दोरीने गळ्यात. खोलीत एक खाट, एक वजनकाटा, कोपऱ्यात नळ आणि बादली. त्यांनी मुंगीची जीभ बघितली, डोळे बघितले, नाडी धरली. मग म्हणाल्या, "वरची बटणं सोड, छाती तपासते."

मुंगीने गळ्याशी मूठ आवळली.

"अगं सोड, मी काय खाणार आहे का तुला?"

मुंगी मान हलवेना, मूठ सोडेना. नर्सबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या मनात काय आलं ते मला चेहऱ्यावरच दिसलं. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "तुझी पाळी शेवटची कधी आली होती? सकाळीच ओकाऱ्या होतात ना? कुणी काही केलं असेल तर मला सांग. घाबरू नकोस."

दार उघडं होतं. दारात हेडमास्तर उभे होते, हातात खडू, मागे व्हरांड्यात पोरं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुंगीचा हात धरला आणि तिला ओढतच बाहेर काढली. रस्त्यात विचारलं, "का गं नाही दाखवलंस? काय झालं असतं?"

तिने पुन्हा गळ्याशी मूठ आवळली. मग म्हणाली, "सदऱ्याला वास येतो आत्या. पुढच्या पोरी नाक धरतात. बाईंनी बघितला असता."

म्हणजे एका मळक्या सदऱ्याची लाज झाकायला गेली आणि भलतीच लाज पदरात पडली. आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी ओळींमध्ये पोचली होती. शेजारच्या शेतातल्या बायका वाकलेल्या तशाच राहिल्या आणि मान तिरकी करून पोरीच्या पोटाकडे बघायला लागल्या. दादाने कुणालाच काही विचारलं नाही. पोरीच्या खांद्यावरचं दप्तर काढलं आणि माळ्यावर टाकलं. "उद्यापासून नाही," म्हणाला.

वहिनी चुलीपाशी रडली. मुंगी रडली नाही, ते मला जास्त लागलं. पुढचे दोन दिवस ती ओळीत यंत्रासारखी वाकत राहिली, ओकारी आली की ओळीतच ओकायची आणि वर माती ढकलायची.

शुक्रवारी मी पुन्हा शाळेत गेले. या वेळी भांडायला. वाटेत सगळं पाठ केलं होतं. खोलीत शिरले आणि दार धाडकन लावून घेतलं. "आता बोला," मी म्हटलं. "आता दार बंद आहे."

नर्सबाई उठल्या, परत बसल्या. "मी विचारलं नसतं तर माझं चुकलं असतं," त्या म्हणाल्या. "दार उघडं ठेवून विचारलं, ते चुकलं. ती कुठे आहे?"

"माळ्यावर. म्हणजे तिचं दप्तर. ती शेतात आहे."

"परीक्षा गुरुवारी आहे."

"ते मला नका सांगू."

त्यांनी चष्मा पुसला. माझं पाठ केलेलं सगळं विसरायला झालं होतं, कारण बाई उलटून बोलतच नव्हत्या. "ती सकाळी शाळेत यायच्या आधी काय करते?" त्यांनी विचारलं.

"पानं खुडते. सगळेच खुडतात."

"मी कधी बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं या रस्त्याने जाते. दाखवाल?"

"दाखवते की," मी म्हटलं. "या उद्या. उजाडताना या. नुसतं बघायला नका येऊ, वाका आमच्याबरोबर." मला त्यांची जिरवायची होती, दुसरं काही नाही.

आणि आल्या हो. स्कूटर बांधावर लावली, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या कपड्यात ओळीत उतरल्या. दादाने तोंड फिरवलं. वहिनीने स्वतःचा जादा सदरा पुढे केला, तो बाईंनी घेतला नाही, म्हणाल्या, "असू दे, मला कशाला." मी मुंगीच्या शेजारची ओळ त्यांना दिली. पहिल्यांदा देठ मोडायच्या ऐवजी पानच फाडायच्या. मुंगीने दाखवलं, "असं, अंगठ्याने खाली दाबा." मग जमायला लागलं. काखेत पानं दाबताना ते गार पाणी बरगड्यांवरून उतरलं तशा त्या शहारल्या. पण थांबल्या नाहीत. गुडघे धरत, कण्हत, ओळ पुढे नेत राहिल्या. मला बाईंबद्दल मनातून जरा बरं वाटायला लागलं होतं आणि त्याचाच राग येत होता.

धुक्यातून उन्हाचा पांढरा ठिपका दिसायला लागला तेव्हा बाईंचा आवाज बंद झाला. बघते तर चेहरा पिठासारखा. कपाळावर घाम. "जरा बसते," म्हणाल्या आणि ओळीतच बसल्या. मग दोन्ही हात जमिनीला टेकून भडाभडा ओकल्या.

वहिनी धावली, तिने कपाळ धरलं. शेजारच्या ओळीतल्या बायका गोळा झाल्या. त्याच सगळ्या, मान तिरकी करून बघणाऱ्या. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो बाई, तुम्हालाही दिवस गेले वाटतं?"

मग एकीला हसू फुटलं, आणि ते ओळीओळीतून पार दुसऱ्या बांधापर्यंत गेलं. नर्सबाईही हसायला लागल्या आणि हसता हसता परत ओकल्या. त्या दिवसापासून आमच्या पोरीच्या पोटाकडे कुणी बघितलं नाही. बघितलंच तर मी नर्सबाईंची तब्येत विचारायची.

बाईंना उचलून पानं ओवायच्या शेडमध्ये नेलं. त्यांनी ड्रममधलं पाणी आणि साबण मागितला, आडोशाला जाऊन कपडा उतरवून अंग खसाखसा धुतलं आणि वहिनीचा स्वच्छ सदरा घालून पडून राहिल्या. दुपार कलली तेव्हा कुठे त्यांना बसता आलं. मुंगी त्यांना पाणी द्यायला गेली. बाईंनी तिचं मनगट धरलं. गणवेश नव्हता, नुसता सदरा होता, काळा, ओला. बाईंनी बाही बोटांत धरून बघितली, वास घेतला.

"हा शाळेत येताना काढतेस ना?"

मुंगीने माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं, "नाही. काढायचा नसतो. ओळख व्हावी लागते."

बाईंचा चेहरा असा झाला की वाटलं परत ओकारी येतेय. मग म्हणाल्या, "मला एका सकाळीत हे झालं आणि मी लगेच धुऊन टाकलं. ही दिवसभर हे अंगावर ठेवते. घाम आला की परत ओलं, परत अंगात. अहो, वर्गात बसूनही ती पानंच खुडतेय."

दादा दारात उभा होता. "नवख्याला लागतं," तो म्हणाला. "ती नवखी नाही. मग आम्हाला का नाही होत?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "तुमच्या गालात काय आहे?"

दादाचा गाल फुगलेला दिसत होता, उत्तर काय द्यायचं. मी माझ्या ओठाखालची चिमूट जिभेने हळूच बाजूला सारली.

"तुमची ओळख तिथून झालीय, असं मला वाटतं," बाई म्हणाल्या. "सदऱ्यातून नाही. पोर खात नाही, म्हणून पोर ओकते. आता तिला खायला शिकवू नका म्हणजे मिळवलं."

दादा वळून निघून गेला. पण संध्याकाळी मी काठ्या मोजत होते, तेव्हा माळ्यावरून दप्तर खाली आलेलं दिसलं. त्यावरची धूळही कुणीतरी झटकलेली होती.

"परीक्षा देऊ दे," दादा म्हणाला. "पण गुरुवारी भट्टीचा नंबर आहे. सकाळची खुडणी चुकायची नाही."

"दादा..."

"चुकायची नाही म्हटलं ना."

मग पोरीच्या अंगाला पाणी लागू नये म्हणून त्याने खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी काढली. ती ड्रमपाशी धुतली, पुन्हा धुतली. विळ्याने वर गळा कापला, बाजूला हात जायला भोकं पाडली आणि मुंगीच्या अंगाला लावून बघितली. एक बाजू आखूड वाटली म्हणून दुसरी पिशवी घेतली. मुंगी म्हणाली, "बुजगावणं दिसतंय बाबा."

"दिसू दे. पाखरं तरी येणार नाहीत," दादा म्हणाला.

मंगळवारी नर्सबाईंनी मला खोलीची किल्ली दिली. "गुरुवारी मी दुसऱ्या शाळेत असेन," म्हणाल्या. "तिला आधी आत न्या, सदरा काढा, साबणाने काखा आणि हात धुवा, मग वर्गात सोडा. ही किल्ली माझ्या नावावर आहे. मी हेडमास्तरांना सांगितलंय, त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही." मी ती दोरी बांधून गळ्यात घातली.

मुंगी पास झाली. हे आत्ताच सांगून टाकते, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. पहिली-बिहिली नाही, पण पास झाली, आणि गणितात तिचा दुसरा बाक तिला परत मिळाला. त्या दिवशी आमचा भट्टीचा नंबर मात्र गेला तो गेलाच. मी ओवायला नव्हते, काठ्या अर्ध्याच भरल्या, भट्टीवाल्याने पुढच्याला हाक मारली, आणि पिकलेल्या पानांचा ढीग शेडमध्ये काळा पडला. दादा अजूनही तो विषय काढतो. काढू दे. मी का नव्हते ते सांगते.

गुरुवारी धुकं दाट होतं. मुंगी सदऱ्यावर पिशवी घालून खुडत होती, चालली की कडकड आवाज यायचा. वेळ झाली तशी वरूनच गणवेश चढवून आम्ही दोघी पळालो. फाटकात हेडमास्तर घड्याळ बघत उभे होते.

"नर्सबाई आज नाहीत," ते म्हणाले.

"मी आहे," मी म्हटलं आणि किल्ली दाखवली. त्यांनी बाजूला व्हायच्या आधीच आम्ही आत होतो.

खोलीत नळ सोडला. गार पाणी होतं. मुंगीचा गणवेश काढला, पिशवी काढली, सदरा सोलून काढला, काखा घासल्या, हात घासले, पाठ घासली. पोरीच्या बरगड्या मी किती दिवसांत बघितल्या नव्हत्या. कोरड्या अंगावर गणवेश चढवला, तेव्हा तिने गळ्याचं बटण आपण होऊन मोकळं ठेवलं. "डोकं कसंय?" मी विचारलं. "आहे जागेवर," म्हणाली आणि कंपासपेटी घेऊन पळाली.

मी सदरा बादलीत टाकला, वळले, तर दारात दुसरी एक पोर उभी होती. आमच्याच वस्तीतली, भट्टीच्या पलीकडच्या घरातली. तिने गळ्याशी मूठ आवळली होती. अगदी तशीच.

"आत्या," ती म्हणाली, "मी पण?"

मी तिचं बटण सोडलं. आत काळं. ओलं. हात लावला तर बोटं चिकटली.

"ये इकडे," मी म्हटलं. ती धुऊन होते तोवर मागे आणखी एक आली. मग तिच्या मागे दोघी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येकीची मूठ गळ्याशी. मी घासत होते, साबण झिजत होता, माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता. जमिनीवर काळ्या सदऱ्यांचा ढीग वाढत होता. या पोरींना मी रोज ओळीत वाकलेलं बघत होते, आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला नव्हता.

हेडमास्तर दारात आले. "परीक्षेची वेळ झाली," ते म्हणाले. "मी आता घंटा..."

पुढचं बोलायचे थांबले. त्यांनी ढिगाकडे बघितलं. मग रांगेतल्या पोरींकडे, एकीनंतर एक, शेवटपर्यंत. त्यांना त्या सगळ्या ओळखीच्या होत्या. रोज त्यांच्याकडेच बघून उसासे टाकत होते ना.

"अजून किती आहेत?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा नव्हताच.

"मला काय विचारता सर?" मी म्हटलं. "तुम्हीच तर निवडून शेवटच्या बाकांवर बसवल्यात."

मग वळून व्हरांड्यात गेले आणि शिपायाला म्हणाले, "घंटा थांबव. मी सांगेपर्यंत देऊ नकोस."

मी पुढच्या पोरीचं बटण सोडलं.